पारोशाने चहा नाही: गाडीत गरम पाण्याची सोय करताना गेलेले साडेतीन महिने

आमच्या आईचा एक नेम आहे, आंघोळ झाल्याशिवाय चहाचा घोट घ्यायचा नाही. अंगात ताप असो, नाहीतर लग्नाच्या वऱ्हाडात गेलेली असो, पहाटे उठून ती आधी गरम पाण्याची चौकशी करते. वय ६६, आणि नेम मोडल्याचं मला तरी आठवत नाही.

मी गेली चार वर्षं स्कॉर्पिओ घेऊन सह्याद्रीत कुठेकुठे मुक्कामाला जाते. गाडी २०१५ची, फोर बाय फोर, सेकंड हँड घेतलेली. दोन दिवस चिखलाधुळीत काढायचे, ओल्या टॉवेलने अंग पुसायचं आणि रविवारी रात्री ऐरोलीला घरी येऊन तासभर बाथरूम अडवायची, हा माझा शिरस्ता. २०२४च्या गणपतीनंतर आई एकदम म्हणाली, "मलाही एकदा ने की तुझ्या तंबूत." मी हो म्हणेपर्यंत पुढचं वाक्य आलंच. "पण मी पारोशी राहणार नाही हं."

त्या वाक्यापायी ऑक्टोबर ते जानेवारी अशी खटपट झाली आणि १९,८३० रुपये गेले. त्यातले काही चुकांचे आहेत. चुकांसकट लिहिते, म्हणजे निदान तुमचे तेवढे तरी वाचतील.

पहिला विचार विजेचा. बारा व्होल्टवर चालणाऱ्या पाणी तापवायच्या कॉइली मिळतात, गाडीच्या लायटर सॉकेटला लावायच्या. घेण्याआधी कागदावर हिशोब मांडला, हे बरं केलं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात. बादलीभर, म्हणजे २० लिटर पाणी १८ अंशांवरून ४० अंशांवर न्यायचं तर १,८५० किलोज्यूल, म्हणजे अर्धा युनिट वीज. घरात अर्ध्या युनिटचं कोणाला काही वाटत नाही. पण गाडीची ६० अँपिअर-अवरची बॅटरी ठासून भरलेली असली तरी तिच्यात पाऊण युनिटही नसतं. आई न्हाऊन बाहेर येणार आणि मग आम्ही दोघी गाडीला धक्का मारणार. शिवाय सॉकेटच्या फ्यूजमधून दीडशे वॅटच्या आसपासच घेता येतात. त्या गतीने बादली तापायला साडेतीन तास. कॉइल बाद.

मग सूर्य. छपरावरच्या कॅरिअरला काळा पाइप बांधायचा, दिवसभर उन्हात पाणी तापेल, संध्याकाळी नळ सोडायचा. परदेशी गाड्यांवर असे पाइप मी फोटोत पाहिले होते. ऐरोलीतल्याच हार्डवेअरच्या दुकानातून १६० मिलिमीटरचा, आपण ज्याला सहा इंची म्हणतो तो पीव्हीसी पाइप दीड मीटर कापून घेतला. या पाइपमध्ये मीटरला साधारण १८ लिटर मावतात, म्हणजे माझ्याकडे २७ लिटर. दोन्ही टोकांना एंड कॅप, एकीकडे भरायला तोंड, दुसरीकडे बॉल व्हॉल्व, वर काळा रंग. सगळं मिळून १,९०० रुपये. भरलेला पाइप तीस किलोच्या घरात जातो आणि तो गाडीच्या डोक्यावर असतो, त्यामुळे तिरक्या वाटेवर गाडी जास्त झुकते. तुमच्या कॅरिअरला किती वजन चालतं ते आधी बघा.

इथे एक धोका सांगून ठेवते. पाणी नुसतं उतारावर येतं, त्याला जोर नसतो. आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने सुचवलं, "ताई, याला ट्यूबचा व्हॉल्व बसवू, हवा भरली की फवाऱ्यासारखं येईल." ऐकायला झकास वाटतं, पण पीव्हीसी पाइपमध्ये दाबाची हवा भरू नये. फुटला तर पाण्यासारखा गळत नाही, तुकडे होऊन उडतो. उन्हाने तापलेला असला तर आणखीच कमकुवत. मी नको म्हटलं.

२० ऑक्टोबरला, रविवारी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाचणी घेतली. एंड कॅपचा एक सांधा नीट चिकटला नव्हता. २७ लिटर पाणी शेजारच्यांच्या दोन स्कूटरखालून वाहत लिफ्टपर्यंत गेलं. सोमवारी दारात पत्र. पार्किंगमध्ये गाडी धुण्यास मनाई असून प्रथम वेळ असल्याने ५०० रुपये दंड माफ करण्यात येत आहे. गाडी धुतलीच नव्हती, पण वाद न घालता मी अर्ज दिला: 'वाहनावर बसवायच्या पाण्याच्या साधनाची चाचणी घेण्यास परवानगी मिळणेबाबत.' सेक्रेटरी काका म्हणाले, कमिटीच्या सभेत ठेवतो. सभा महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. तो निघाला ३ नोव्हेंबर, भाऊबीज. सभा पुढे गेली ती १० तारखेला. परवानगी मिळाली, अटींसह: रविवारी दहा ते बारा, बागेच्या नळाजवळ, पाणी झाडांना जाईल असं, आणि गॅस अजिबात नाही.

गॅसची अट त्यांनी घातली नसती तरी मी त्या वाटेला गेले नसते. माझ्याबरोबर मुक्कामाला येणारे दोघे गॅस गीझर घेऊन फिरतात. लहान पाच किलोचं सिलिंडर, त्यावर भिंतीवरचा गीझर एका स्टँडला टांगलेला. चालतो छान. पण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना वास येतो, आणि बंद न्हाणीघरात या गीझरने माणसं गेलेली आहेत. आई थंडीत तंबूची चेन गळ्यापर्यंत ओढून घेणार, हे मला ठाऊक होतं. तिथे मला तो गीझर नको होता.

१६ नोव्हेंबरला पाइप घेऊन ओतूरला गेले. मावशीचा मळा आहे तिथे. कल्याण, मुरबाड, माळशेज चढून जायचं. मुद्दाम एकटीच गेले. आईसमोर फजिती नको होती. ऊन कडक होतं, गाडी बारापासून उघड्यावर उभी. साडेचारला पाइपमधलं पाणी ३८ अंश. मी मनात खूश. हातपाय धुतले, डोक्यावरून दोन तांबे घेतले, मस्त. सकाळी सहाला त्याच नळाखाली हात धरला आणि ओढून घेतला. थर्मामीटर म्हणाला १५. उघड्या आकाशाखाली रात्रभर त्या काळ्या पाइपने दिवसाची सगळी कमाई परत करून टाकली होती. जो रंग ऊन चांगलं घेतो तो उष्णता सोडतोही चांगली, हे शाळेत शिकलेलं. संध्याकाळी न्हाणाऱ्यांना हा पाइप चालेल. माझं गिऱ्हाईक पहाटेचं.

मावशीच्या परसात तांब्याचा बंब आहे. आजीच्या वेळचा, कल्हईवाला यायचा त्या काळातला. सहा वाजता तो आधीच धुमसत होता. पाणी काढताना मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मधोमध नळी, नळीत जाळ, नळीभोवती पाणी. जाळाचा आणि पाण्याचा संबंध फक्त तांब्याच्या पत्र्यातून. कोपऱ्यात माझी गाडी उभी होती, आणि तिच्या पोटात तर रोजच जाळ होतो. त्या जाळाची गरमी कूलंट, म्हणजे इंजीन गार ठेवणारं द्रव, घेऊन फिरतं आणि रेडिएटर ती वाऱ्यावर सोडून देतो. इंजीन तापलं की कूलंट ८०-९० अंशांच्या घरात असतं. बंब बांधायची गरजच नव्हती, आहे त्याला एक नळी काढायची होती.

परतताना ओतूरच्या शेतीसामानाच्या दुकानातून फवारणीच्या पाठीवरच्या पंपात असते ती बारा व्होल्टची मोटर घेतली, ६५० रुपये. दुकानदाराने विचारलं, "द्राक्षं का डाळिंब?" मी म्हटलं आई. तो हसला नाही.

या कामाला प्लेट हीट एक्स्चेंजर लागतो. स्टीलच्या पातळ पन्हाळीदार पट्ट्या एकावर एक रचून जोडलेल्या असतात. एका फटीतून कूलंट, शेजारच्या फटीतून आंघोळीचं पाणी, दोन्ही कधी एकमेकांना भेटत नाहीत. आकार जाडजूड डायरीएवढा. गाडीच्या आतला हीटर ज्या दोन रबरी नळ्यांवर चालतो, त्यातल्या एका नळीत हा मध्ये बसवायचा.

पण आधी कागद. इंजिनाजवळ कात्री लावायची म्हणजे माझ्या मनात आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर बोट ठेवलं आहे. आमच्या बी विंगमध्ये मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले काका राहतात. त्यांना चित्र काढून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "चेसिसला, बॉडीला वेल्डिंग करू नकोस. जे नटबोल्ट काढून तासाभरात पूर्ववत होतं, ते सामान. वेल्डिंग केलंस की तो बदल." हा त्यांचा सल्ला, कायद्याचा निकाल नव्हे. पण मी तो शब्दशः पाळला. विमा कंपनीला ईमेल केली, आधी फोटो आणि मग बिलं पाठवली. नऊ दिवसांनी उत्तर आलं की नोंद घेतली आहे, मात्र या जोडणीमुळे इंजिनाचं काही नुकसान झालं तर ते पॉलिसीत धरणार नाही. उत्तर मनासारखं नव्हतं, तरी आधी विचारल्याचं समाधान. तुमची गाडी वॉरंटीत असेल तर सरळ थांबा, ती संपू द्या.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, बाजार बंद. २१ला ठाण्याहून मस्जिद बंदर गाठलं आणि नागदेवी स्ट्रीट पालथी घातली. नळ्या, क्लॅम्प, पितळी जोड, व्हॉल्व, सगळं एका रस्त्यावर. फक्त बोलताना 'काहीतरी असं' म्हणायचं नाही, माप सांगायचं. मी हीटरच्या नळीचा एक जुना तुकडा पिशवीत घेऊन गेले होते, त्याने फार काम झालं. साधी पाण्याची नळी इथे चालत नाही, कूलंटचीच रबरी नळी घ्या. आतला व्यास कॅलिपरने मोजा. एक्स्चेंजर मात्र तयार नव्हता. मागवून देतो म्हणाले, ४,८०० रुपये, निम्मे आगाऊ. आठ दिवसांनी आला. त्याच दुकानात हवा भरून पाण्याच्या टबात बुडवून बघितला. एकही बुडबुडा नको. कूलंट विषारी असतं, आणि आतून गळणारा एक्स्चेंजर ते आंघोळीच्या पाण्यात आणून सोडेल.

आमचे मिस्त्री रबाळे एमआयडीसीत एका गाळ्यात बसतात. त्यांना पटवायला दोन चहा लागले. "मॅडम, चालत्या गाडीची नळी कापायची? आंघोळीसाठी?" मी बंबाची गोष्ट सांगितली. त्यांचं गाव सिन्नरकडचं. बंब म्हटल्यावर चेहरा बदलला. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बोल्टने बसणारा ब्रॅकेट १,२०० रुपयांत करून घेतला आणि ७ डिसेंबरला, शनिवारी, काम केलं. मजुरी २,५००. मिस्त्रींनी दोन गोष्टी स्वतःच्या डोक्याने केल्या, त्या तुम्हीही करा. एक्स्चेंजरच्या दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व आणि मध्ये एक वळसा ठेवला, म्हणजे काही बिघडलं तर एक्स्चेंजर बाजूला टाकून गाडी घरी आणता येते. आणि कूलंट ज्या दिशेने जातं त्याच्या उलट दिशेने पाणी जाईल अशी जोडणी केली. उलट दिशेने गेलं तर पाणी जास्त तापतं. वायरिंगला रिले, म्हणजे लहान बटणाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारी डबी, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज.

१४ डिसेंबरला भंडारदऱ्याकडे निघालो, मी आणि एक मैत्रीण. विटावा, कळवा, खारेगाव, मग नाशिक रस्त्याची नेहमीची कोंडी. शहापूरपर्यंत सगळं ठीक. आटगावच्या पुढे तापमानाचा काटा वर सरकायला लागला. मी कधीच इतका वर बघितलेला नव्हता. खर्डीच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर रबराचा आणि कूलंटचा गोडसर वास, डबीतली पातळी तळाला.

पोटात गोळा आला. अशा वेळी हात शिवशिवतात, झाकण उघडून बघावंसं वाटतं. उघडू नका. तापलेल्या रेडिएटरच्या झाकणाखाली दाबाखालचं पाणी असतं, ते तोंडावर येतं. एक तास दहा मिनिटं आम्ही बाभळीच्या सावलीत बसून राहिलो. मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी विचारलं, "हीटर गरम हवा देतो का?" देत नव्हता. नळीत हवा अडकली होती. कूलंट नव्याने भरताना हवेचा बुडबुडा आत राहिला, आणि तो असला की फिरणं थांबतं. त्यांच्या सांगण्यावरून वळशाचा व्हॉल्व फिरवून एक्स्चेंजर बंद केला, गाडी थंड झाल्यावर पाणी भरलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हळूहळू परत आलो. भंडारदरा राहिला. आईला सांगितलं, ट्रॅफिक फार होता. खोटं नव्हतं.

रबाळ्याला सोमवारी गाडी गेली. तोंड चढाकडे ठेवून, झाकण उघडं, हीटर गरमवर, इंजीन चालू, नळ्या हाताने दाबत दाबत तासभर हवा काढली. नवं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, ९०० रुपये. मिस्त्रींनी या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. "माझंच राहिलं होतं," म्हणाले. हवा निघाल्याची खूण सोपी आहे: हीटरमधून सलग गरम हवा यायला हवी आणि दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पातळी उतरलेली नको.

२२ डिसेंबरला कमिटीच्या वेळेत, बागेच्या नळाजवळ, परत चाचणी. बादलीत पाणी, त्यात दोन नळ्या, पंप पाणी ओढून एक्स्चेंजरमधून फिरवून परत बादलीत टाकतो. थेट शॉवरला जोडण्यापेक्षा ही पद्धत बरी, कारण एका फेरीत पाणी किती तापेल याचा नेम नाही, भाजू शकतं. बादलीत कोपर बुडवून बघता येतं. पण इथे दुसरी अडचण कळली, जी आधीच कळायला हवी होती. गाडी रात्रभर उभी, इंजीन गार. नुसतं सुरू ठेवून डिझेल इंजीन तापतच नाही लवकर. पंचवीस मिनिटांनी बादली ३१ अंश, आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आवाज, "अहो, धूर येतोय वर." मी गाडी बंद केली. मुक्कामाच्या जागी पहाटे साडेपाचला, आजूबाजूला लोक तंबूत झोपलेले असताना, अर्धा तास डिझेल जाळत बसायचं? मला स्वतःलाच तो माणूस आवडला नसता.

म्हणजे गरमी संध्याकाळी मिळते आणि पाणी सकाळी हवं. सौर पाइपची तीच गोष्ट. मी दोनदा एकाच दगडाला ठेचकाळले होते. प्रश्न तापवण्याचा नव्हताच, रात्रभर राखून ठेवण्याचा होता.

उत्तर एका साखरपुड्यात मिळालं. वर्षाअखेरीस घणसोलीला एका हॉलवर गेलो होतो. कोपऱ्यात थंड पाण्याचे जार ओळीने उभे, ते निळे, जाड भिंतीचे, खाली तोटी असलेले. दुपारचे तीन वाजले होते आणि सकाळी भरलेलं पाणी अजून गार लागत होतं. मी ग्लास हातात घेऊन तशीच उभी राहिले. जो गारवा धरतो तो गरमीही धरणार. आई म्हणाली, "अगं, मागे रांग लागलीय."

२० लिटरचा नवा जार १,६०० रुपयांना घेतला. आता बेत असा: मुक्काम जवळ आला की शेवटच्या टप्प्यात, गाडी चालू असतानाच पंप सुरू करायचा. चालत्या गाडीचं इंजीन तापलेलं असतंच, वेगळं डिझेल जाळावं लागत नाही. पाणी जारमधून एक्स्चेंजरमध्ये आणि परत जारमध्ये. ६५ अंशांना बंद. त्यापुढे नेत नाही, आतलं प्लास्टिक पिण्याच्या थंड पाण्यासाठी केलेलं आहे. जार मागच्या बाजूला दोन रॅचेट बेल्टने आवळलेला आणि झाकण घट्ट, कारण ६५ अंशांचं पाणी गाडीत सांडलं तर तो अपघातच.

४ जानेवारीला या बेताने पहिला बळी घेतला तो ओतूरच्या मोटरचा. फवारणीचा पंप थंड पाण्यासाठी असतो. त्यातलं रबराचं पटल गरम पाण्याने मऊ पडलं आणि मोटर नुसती गुरगुरत राहिली. सोलर वॉटर हीटरमध्ये वापरतात तसा, गरम पाण्याला चालणारा बारा व्होल्टचा पंप मागवला, १,४५० रुपये, पाच दिवस. घेताना किती तापमानाला चालतो हे लिहिलेलं वाचा. ११ जानेवारीला ऐरोली ते पडघा आणि परत अशी नुसती चक्कर मारली. २६ अंशांचं पाणी ६५ व्हायला बावीस मिनिटं. रात्री जार बाल्कनीत ठेवला. सकाळी सहाला ५३. मी एकटीच बाल्कनीत टाळ्या वाजवल्या.

हिशोब असा झाला: एक्स्चेंजर ४,८००, नळ्या-क्लॅम्प-व्हॉल्व २,१५०, ब्रॅकेट १,२००, मजुरी २,५००, कूलंट ९००, वायर-रिले-फ्यूज-बटण ७८०, गरम पाण्याचा पंप १,४५०, जार १,६००, कपडे बदलायचा उभा तंबू १,९००. आणि वाया गेलेले: पाइप १,९००, फवारणीचा पंप ६५०. पंप तसा पूर्ण वाया नाही, नवं पटल टाकून तो शॉवरच्या फवाऱ्याला लावला. कोमट पाण्याला तो चालतो. कोणी विचारेल, एवढं करण्यापेक्षा शेगडीवर पातेलं का नाही ठेवलं? एकटीदुकटी असेन तर मी अजूनही पातेलंच ठेवेन. पाच लिटर उकळीला आणून थंडात मिसळलं की पंधरा-सोळा लिटर आंघोळीजोगं पाणी होतं. पण लहान शेगडीवर त्याला अर्धा तास लागतो, वाऱ्यात त्याहून जास्त, आणि आईला पहाटे अंधारात उकळत्या पातेल्याजवळ वावरू द्यायचं नव्हतं.

२५ जानेवारीला, शनिवारी, पहाटे पाचला आई आणि मी निघालो. तिच्या पिशवीत लाकडी पाट होता. मी काही बोलले नाही. कसारा घाट चढताना माझी नजर रस्त्यापेक्षा काट्यावर जास्त. काटा जागचा हलला नाही. घोटीला मिसळ, बारीला कळसूबाईला नमस्कार, दुपारी भंडारदऱ्याला धरण दाखवलं. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर शुल्क भरून पावती घ्यावी लागते. तिथल्या माणसाने मागे डोकावून जारबद्दल विचारलं. "पाणी आहे," मी म्हटलं. "गरम," आईने भर घातली. त्याने पावती फाडली.

संध्याकाळी शेंडी सोडलं तेव्हा पंप चालू केला. धरणाच्या कडेकडेने गाडी चालली होती आणि मागे जारमध्ये गुळगुळ आवाज. ज्यांच्या शेतात तंबू ठोकायचा होता त्यांना आधी फोन करून विचारलं होतं. तंबूमागे दोनशे रुपये ठरले. न्हाणीचा तंबू पाण्यापासून बराच लांब, बांधाच्या पलीकडे लावला. साबणाचं पाणी धरणात जाता कामा नये, गावाला तेच पाणी.

रात्री थंडी पडली. पहाटे थर्मामीटरवर ११. पाच पन्नासला आई उठली ती थेट जारपाशी. ५० अंश. थंड पाण्याच्या कॅनमधून बादलीत ओतलं, वर जारचं, कोपराने बघितलं. मी उत्साहाने फवाऱ्याची नळी तंबूत टांगली, बटण दाखवलं, पाणी कसं सोडायचं ते समजावलं. आईने फवाऱ्याकडे पाहिलं.

"हे डोक्यावरून पाऊस पडल्यासारखं मला नाही जमत. बादली आत सरकव. आणि तांब्या कुठाय?"

तांब्या मी आणला नव्हता. शेतमालकांच्या घरी जाऊन मागून आणला. पाट आत गेला, बादली आत गेली, चेन गळ्यापर्यंत वर गेली. बाहेर मी उभी, टॉवेल हातात, तंबूच्या वरून वाफ निघतेय आणि आतून तिचं पुटपुटणं ऐकू येतंय, गंगेच यमुने चैव. समोरच्या डोंगरावर उजेड पसरत होता. फवारा कोरडाच लोंबत होता.

पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली, केस पंच्यात बांधलेले, गाल लाल. मी शेगडीवर चहा ठेवलेलाच होता. कप हातात घेऊन तिने आधी जारची तोटी फिरवून बघितली, दोन थेंब पडले आणि थांबले.

"अजून एक तांब्या हवा होता," ती म्हणाली, आणि चहाचा घोट घेतला.